अर्ध्याची पंगत

तुकईथडच्या पोरांनी रविवारी चार गोल चढवले आणि त्यांतले तीन एकाच वाटेने आले, हे वैजयंतीने पाहिले होते. पाहिले तर सगळ्यांनीच होते. पण बघणाऱ्या प्रत्येकाला दिसतेच असे नाही, असे मामंजी म्हणत. त्यांना जाऊन आता तिसरा पौष चालू होता. संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन "सूनबाई, आज काय दिसलं?" असे विचारणारे घरात कोणी उरले नव्हते.

सोमवार धुक्यातच उजाडला. तापीवरून आलेले धुके गच्चीवरच्या दोरीपर्यंत पोहोचले होते आणि तिथे वाळत घातलेले अकरा हिरवे सदरे दुपार झाली तरी ओलेच लोंबत होते. पौषात कोणी लग्न काढत नाही, घराचा पाया खोदत नाही. लीगला मात्र पंचांग कळत नाही. निम्मे सामने संपले होते, महाजनांचा हॉकी क्लब खालून दुसरा होता, आणि आज संध्याकाळी अर्ध्याची पंगत होती.

ही पंगत मामंजींनी, म्हणजे मुला-नातवांच्या आबांनी, शालिग्राम महाजनांनी, क्लब काढला तेव्हापासूनची. हंगाम निम्मा झाला की दोन्ही मुलांच्या घरांनी एका ओळीत बसून जेवायचे आणि जेवता जेवता एकेकाने संघाविषयी बोलायचे, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत. बोलणाऱ्याला मध्ये तोडायचे नाही. उठताना ताटाभोवती पाणी फिरवले की ठरले ते ठरले. कोणाला घ्यायचे, कोणाला सोडायचे, ते दुसऱ्या दिवशी लीगवाल्यांना कळवायचे असे, म्हणून ही तिथी. बायका त्या वेळी वाढत असत. त्यांचे मत मामंजी आदल्या संध्याकाळी चहाबरोबर काढून घेत आणि पंगतीत आपले म्हणून सांगत. निदान वैजयंतीचे तरी.

यंदा चहा झाला नव्हता. म्हणून चुरम्यासाठी तळलेले कणकेचे मुटके खलबत्त्यात कुटता कुटता ती स्वतःलाच सांगत होती.

गोलात गौरव. पायाने चांगला अडवतो, पण गोल बसला की आधी बाकाकडे बघतो. ज्याला बोलणी खाण्याची भीती आहे तो गोलकीपर पुढे येऊन चेंडू घेत नाही. फुलबॅक दगा. फोपनार गावचा पोरगा, भिंतीसारखा. पण केळीची कटाई चालू आहे, रविवारी पहाटेपासून घड वाहून तो मैदानावर येतो, आणि सामन्याच्या चार पावांतल्या तिसऱ्यात त्याचे खांदे पडतात. पुढची फळी वेगवान आहे. पेनल्टी कॉर्नर मिळतात, पण गोल एकावरही झालेला नाही, कारण चेंडू अडवणारा आणि मारणारा यांचे आपापसात बोलणे नाही. हे सगळे दुरुस्त होण्यासारखे होते. एवढ्याने कोणी चार-चार गोल खात नाही.

खाल्ले ते मधून. सेंटर हाफने जिथे उभे असायला हवे तिथून. चेंडू दगाच्या बाजूने आत जातो म्हणून लोक दगाला शिव्या घालतात, पण दगापर्यंत तो आलाच कसा, हे कोणी विचारत नाही. सेंटर हाफ उजवीकडे अजून वळतो. डावीकडे वळायचे झाले की बैलगाडी वळावी तसा मोठा फेरा घेतो, आणि त्या फेऱ्यात समोरचा निघून जातो. कार्तिकातल्या पहिल्या सामन्यात असे नव्हते. तिसऱ्या सामन्यापासून आहे.

सेंटर हाफ निरंजन होता. संघाचा कप्तान आणि तिचा एकुलता एक मुलगा.

तिने बत्ता खाली ठेवला, कुटलेल्या चुरम्यात गूळ-तूप घातले, आणि तीन सारखे वाटे केले. एक देवाचा, एक वाटायचा, एक आपला. सोळा सोमवारांत माप बदलत नाही, पूजेची वेळ बदलत नाही, बसायची जागा बदलत नाही. पहिल्या सोमवारी जसे झाले तसेच उद्यापनापर्यंत.

सगळा घोटाळा तिथेच झाला होता.

क्लबाने पहिला सामना जिंकला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचा पहिला सोमवार होता. संकल्प क्लबासाठीच होता. देवाकडे हॉकी मागायची याची तिला जरा लाज वाटली होती, म्हणून तिने पुजाऱ्यालासुद्धा मोघमच सांगितले होते. संध्याकाळी प्रसादाला धाकटे दीर रमेश आले आणि बोलता बोलता म्हणाले, पुढल्या सामन्यात आमच्या मोहितला सेंटर हाफला खेळवून बघू या की. तिच्या नवऱ्याने, मामंजींनंतर क्लब बघणाऱ्या वामनरावांनी, चुरम्याचा घास तोंडात टाकला आणि ते शांतपणे म्हणाले, "हिनं क्लबासाठी सोळा सोमवार धरलेत. उद्यापनापर्यंत काही हलवायचं नसतं. मग संघ कसा हलवता येईल?"

जाऊबाईंनी, निर्मलाने, लगेच हात जोडले. रमेशभाऊ गप्प झाले. व्रताच्या आड कोण येईल?

वैजयंती परात घेऊन तिथेच उभी होती. असा नेम कुठल्याच व्रतात नसतो हे तिला ठाऊक होते. बोलायला सवडही होती. पण निरंजन समोर बसून हसत होता, आणि तिने पुढच्या ताटात प्रसाद वाढला.

*

निर्मला दिवस मावळायच्या आधीच आली. पदर खोचून कणकेच्या बट्ट्यांना तूप लावायला बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. निर्मला गप्प म्हणजे घरात काहीतरी शिजते आहे, हे वैजयंतीला इतक्या वर्षांत कळत होते.

"ताई, रागावणार नाही ना?"

"सोमवारी मी रागावत नाही."

"म्हणून तर आज सांगू राहिले." निर्मलाने बट्टी दोन्ही हातांनी दाबली, ती फुटली. "जैनाबादवाले मोहितला मागून राहिले. सेंटर हाफला. पहिल्या दिवसापासून खेळवतो म्हणतात."

नदीच्या पलीकडचा जैनाबादचा संघ लीगमध्ये पहिला होता. पुढचा सामनाही त्यांच्याशीच होता.

"मोहित काय म्हणतो?"

"तो कुठं काय म्हणतो? खोलीचं दार लावतो. परवा सदरा धुवायला मागितला तर म्हणे, मम्मी, मळलाच नाही तर धुणार काय?" निर्मला फुटलेली बट्टी सांधू लागली. "तुमचे दीर आज पंगतीत काढणार आहेत गोष्ट. दादांना म्हणणार, एक तर खेळवा, नाही तर जाऊ द्या. मी त्यांना म्हटलं, ताईंचं व्रत निम्म्यावर आहे, आपल्या पोरापायी मोडलं तर महादेव कोणावर उलटेल? तर म्हणतात, तुझा महादेव फक्त मोठ्या घराचाच आहे का?"

वैजयंतीने हातातली पळी भांड्यात ठेवली.

"तुम्हीच सांगा ताई, काही तोड नाही का? पुजारीबाबांना विचारून, एखादं प्रायश्चित्त देऊन... फक्त एका खेळाडूपुरतं?"

ती इतक्या सरळ डोळ्यांनी विचारत होती की वैजयंतीला तिच्याकडे बघवेना. ही बाई निम्मा हंगाम आपल्या मुलाला दार लावून रडताना ऐकत होती, आणि तरी दर सोमवारी येऊन हात जोडून प्रसाद घेत होती.

"बट्ट्या गार होताहेत," वैजयंती म्हणाली. "तूप जरा जास्त लाव."

*

पूजा झाली आणि हॉलमध्ये चटया पसरल्या. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, ठेचा. ओळीच्या टोकाला वामनराव, क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाले तरी शिट्टी अजून खिशात बाळगणारे. मग रमेशभाऊ, मग निरंजन, मग मोहित. हिमानीने, निरंजनच्या बायकोने, स्वतःचे ताट आणून त्यांच्यातच ठेवले.

"सूनबाई, वाढायला कोण?" वामनराव म्हणाले.

"बाबा, भांडी मध्ये ठेवलीत, ज्याला पाहिजे तो घेईल. आई आणि काकू पण बसतात आज."

वामनरावांनी भुवया चढवल्या, पण पौषातल्या थंडीत बट्टीवरचे तूप थिजते, म्हणून वाद वाढला नाही. निर्मला संकोचून कडेला टेकली. वैजयंतीने आपली चुरम्याची वाटी घेतली आणि निरंजनच्या समोर बसली. तो मांडी घालून बसला नव्हता. डावा पाय पुढे लांब सोडून त्यावर रुमाल टाकला होता. तिची नजर तिथे गेलेली पाहून त्याने रुमाल सारखा केला.

"चला. धाकट्यापासून," वामनराव म्हणाले. "मोहित."

"मला काही नाही बोलायचं, मोठे बाबा."

"पंगतीत बोलावंच लागतं. आबांचा नियम आहे."

"मग बोलतो." मोहितने बट्टी कुस्करली. "मी दिवाळीपासून बाटल्या भरू राहिलो. मस्त भरतो. एक पण गळत नाही. पुढल्या साली बाटल्या भरायची लीग काढा, कप आपलाच."

रमेशभाऊ खुदकन हसले आणि मग हसलो याचे त्यांनाच वाईट वाटले.

"टोमणे नकोत, संघाचं बोल."

"संघाचं काय बोलू? मी संघात कुठंय?"

मग पाळी हिमानीची होती. ती पाणी प्यायली, आणि निरंजनकडे न बघता म्हणाली, "मला तुमच्याएवढं हॉकी कळत नाही. मला एवढंच म्हणायचंय की यांना बसवा. मोहितभैयांना खेळवा."

निर्मलाच्या हातातला घास तसाच राहिला. रमेशभाऊंनी मान वळवून पुतण्याच्या बायकोकडे असे पाहिले, जणू समोरच्या संघातला कोणी त्यांचा सदरा घालून आला आहे.

"अगं, बायको असून—" वामनराव म्हणाले.

"बायको आहे म्हणूनच, बाबा. त्यांचा..."

"हिमानी." निरंजन हळूच म्हणाला. "बस."

"नियम आहे ना, मध्ये तोडायचं नाही?"

"बस म्हटलं ना."

ती थांबली. तिचे डोळे भरले होते, पण ठेचा तिखट होता असे म्हणायला जागा होती, आणि सगळ्यांनी तेच मानून घेतले.

निरंजनची पाळी आली. तो कप्तान होता, त्याने सांगावे अशी अपेक्षा असे. "माझं काही वेगळं नाही," तो म्हणाला. "जसं सुरू झालं तसं उद्यापनापर्यंत न्यायचं. मग बघू." एवढेच बोलून त्याने वरण वाढून घेतले.

निर्मलाने आपली पाळी मानेनेच नवऱ्याकडे सारली. मग रमेशभाऊ. केळीच्या मंडीत सकाळभर बोली लावणारा माणूस, त्यांना हळू बोलता येत नसे.

"दादा, सीधी बात करतो. जैनाबादवाल्यांचा फोन आला होता. मोहितला मागतात. मी सांगितलं, हे घर आहे, आधी घरात विचारतो. तर आता विचारतो. खेळवता का?"

"जैनाबाद?" वामनरावांचा आवाज चढला. "आबांचा नातू नदीपलीकडून खेळणार? आपल्याविरुद्ध?"

"आबांचा नातू आपल्याकडून बाटल्या भरतोय, ते चालतं?"

"रमेश, मला हौस आहे का? वहिनीचं व्रत आहे. एवढे सोमवार झाले, आता मध्येच—"

"वहिनींचं नाव घेऊ नका दादा. वहिनींच्या पुढं मी कधी तोंड उघडलं नाही, आजही नाही. पण खरं सांगा, निरंजन तुमचा नसता, दगाचा भाऊ असता, तर व्रत मध्ये आलं असतं?"

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"मी कुठं म्हटलं? तुम्हीच म्हणून राहिले."

"अहो..." निर्मला कळवळून म्हणाली. "सोमवार आहे. ताई उपाशी आहेत."

वामनरावांनी खाकरून घसा साफ केला. थोरल्याने शेवटी बोलायचे, आणि ते काय बोलणार हे सगळ्यांना ठाऊक होते.

"थांबा," वैजयंती म्हणाली. "आधी माझी पाळी आहे. रमेशभाऊंपेक्षा मी वयानं मोठी आहे."

तिचा आवाज एरवीही मोठा नसे. उपासाने आणखी बारीक झाला होता. ऐकण्यासाठी सगळ्यांना खाणे थांबवावे लागले.

"तू?" वामनराव म्हणाले.

"मामंजी होते तेव्हा मी त्यांना सांगत होते, आणि ते तुम्हाला सांगत होते. म्हणजे मी काही आज पहिल्यांदा बोलत नाही." तिने वाटी खाली ठेवली. "दगाला शिव्या घालणं बंद करा. त्याची कटाई रविवारी नको, शनिवारी ठेवा, रमेशभाऊ, ते तुमच्या हातात आहे. गौरवला गोल बसल्यावर कोणी ओरडायचं नाही. कॉर्नरवाल्या दोघांना आठवडाभर एकत्र बसवा, हवं तर एका ताटात जेवू घाला. एवढं केलं तर पुढच्या निम्म्या सामन्यांत दोन-तीन जिंकू. खालच्या गटात जायचं कदाचित वाचेल. कदाचितच."

मोहित मान वर करून बघत होता. मोठ्या आईला कॉर्नर कळतो, हे त्याला आज कळत होते.

"पण मधली जागा अशीच राहिली तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. निरंजनला डावीकडे वळता येत नाही. तिसऱ्या सामन्यापासून येत नाही. रविवारचे तीन गोल तिथून आले. नेपानगरचे दोन तिथूनच आले होते. खंडव्यानं तर पहिल्या पावातच ओळखलं आणि सगळा खेळ त्या बाजूला नेला." ती मुलाकडे बघून बोलत होती. इतरांकडे बघून बोलले असते तर सोपे गेले असते. "तू खेळू नकोस, निरू. मोहितला खेळू दे."

"आणि व्रत?" निर्मला कुजबुजली.

"व्रत माझ्या ताटाचं आहे. कणकेचं माप, दिव्याची वेळ, माझी बसायची जागा. संघाचा त्यात काही संबंध नाही. मी महादेवाला अकरा जणांची नावं सांगितली नव्हती."

वामनरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू उतरला. निर्मलाने पदर तोंडाशी नेला. तिच्या डोळ्यांत आनंद दिसेल असे वैजयंतीला वाटले होते. पण तिथे दुसरेच काही होते, फसवल्या गेलेल्या माणसाचे.

"मग तवा का नाही बोलल्या, ताई?" तिने विचारले. टोमणा नव्हता, ती खरोखर विचारत होती.

वैजयंतीपाशी उत्तर होते, आणि ते ओळीत बसलेल्या प्रत्येकाला दिसत होते. ते तिच्या समोर पाय लांब करून बसले होते.

"व्रताचं काही नव्हतं?" निरंजनने विचारले.

त्याचा आवाज लहानपणी ताप चढल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"नाही रे."

"म्हणजे मी बसलो असतो तरी तुझं काही मोडलं नसतं?"

"नाही."

तो हसला. मग त्याने हिमानीकडे पाहिले आणि मान किंचित हलवली, आता सांग, अशी.

हिमानीने रुमाल उचलला. गुडघा रोजच्या दीडपट झाला होता. कातडी ताणून चकचकीत दिसत होती, आणि पट्टीच्या वेढ्यांच्या मधून मांस बाहेर फुगले होते.

"तिसऱ्या सामन्यात दुखावला," ती म्हणाली. "डॉक्टरांनी फोटो काढायला लावला. आतली दोरी निम्मी तुटली होती. म्हणाले, आत्ता थांबलास तर जुळून येईल, वर्षभरानं खेळशील. हे म्हणाले, आईचं व्रत आहे, संघ मोडला तर आई पुन्हा पहिल्या सोमवारपासून धरेल, तिची तब्येत कुठं आहे तेवढी. मला शपथ घातली, घरात सांगायचं नाही. दर सामन्याआधी सुई टोचून घ्यायचे. काल रात्री उठून बाथरूमला जाता आलं नाही. आज सकाळी पुन्हा दाखवलं."

"काय म्हणाले?" वामनरावांनी विचारले. त्यांचा हात खिशातल्या शिट्टीवर होता.

"पूर्ण गेली. ऑपरेशन करू म्हणतात, चालता येईल नीट. हॉकी विसरा म्हणतात."

बाहेर रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला. खिडकीच्या काचा थोड्या वाजल्या आणि थांबल्या. रमेशभाऊंनी ताट पुढे सारले. भांडायला आलेल्या माणसाला जिंकायचे होते. असे नव्हते जिंकायचे.

"निरू बेटा," ते म्हणाले, "मला एक शब्द तरी बोलायचा. काका आहे ना मी तुझा."

"तुम्ही मोहितला खेळवा म्हणत होता, काका. मी कोणत्या तोंडानं बोलू, मला बसवा म्हणून? लोक म्हणाले असते, आईचं व्रत मोडून पळाला."

"बाबांनी सांगितलं होतं ते," हिमानी म्हणाली. आता तिला कोणी थांबवत नव्हते. "उद्यापनापर्यंत संघ हलवायचा नाही. आईंनी नाही सांगितलं. बाबांनी."

"मी सांगितलं, पण ती तिथंच उभी होती!" वामनराव म्हणाले. "परात हातात घेऊन उभी होती. नाही म्हणाली असती तर..." चाळीस वर्षे मुलांना मैदानावर ओरडून सांगणारा माणूस ताटातल्या बट्टीकडे बघत राहिला. "मला वाटलं, अजून एक हंगाम खेळेल," ते म्हणाले. "एकच. मग मीच बसवणार होतो."

वैजयंतीलाही तेवढेच वाटले होते. दोघांनी एकमेकांशी न बोलता एकच गोष्ट मागितली होती, एकाने बोलून आणि एकीने गप्प राहून. आणि ती मिळाली होती. मुलगा निम्मा हंगाम खेळला होता.

"झालं ते झालं," रमेशभाऊ उठल्यासारखे करून पुन्हा बसले. "दादा, आता नदीपलीकडची गोष्ट संपली. मोहित इथंच खेळेल. रविवारी मधे उभा राहील. जैनाबादवाल्यांना मी बघतो. काय रे?"

मोहित बोटाने ताटातले तूप एका बाजूला गोळा करत होता.

"मोहित, पप्पा काय विचारू राहिले?" निर्मला म्हणाली.

"मी हो म्हटलंय त्यांना, पप्पा."

"कोणाला?"

"जैनाबादला. आज दुपारी त्यांच्या मैदानावर गेलो होतो. सगळे होते. त्यांनी सदरा दिला, मी घेतला." त्याने मान वर केली. डोळे लाल होते. "मला काय माहीत इथं असं होणार? मला वाटलं, मोठे बाबा पुन्हा व्रताचं बोलतील आणि तुम्ही पुन्हा गप्प बसाल."

"अरे, फोन करून नाही सांग!" रमेशभाऊ ओरडले. जो माणूस मुलाला पलीकडे न्यायची धमकी घेऊन आला होता, तोच आता हात जोडल्यासारखा दिसत होता. "सदरा परत कर. मी जातो, मी देतो नेऊन!"

"जुबान दी है, पप्पा."

"आबांच्या क्लबापेक्षा जुबान मोठी?"

"आबाच तर म्हणायचे ना, दिलेला शब्द आणि मारलेला चेंडू परत येत नाही म्हणून." मोहितला हुंदका आला. "दादा, तू सांग. तू कप्तान आहेस. तू म्हणशील तसं करतो."

सगळे निरंजनकडे वळले. वैजयंतीला वाटले, हा आता थांब म्हणेल. म्हणाला असता तर मोहित थांबला असता, आणि क्लब कदाचित वाचलाही असता. निरंजनने गुडघ्यावर रुमाल पुन्हा टाकला, नीट चारी कोपरे सरळ करून.

"जा," तो म्हणाला. "एक निम्मा हंगाम तुझा गेला ना माझ्यापायी. दुसरा कशाला घालवतो? पण डाव्या बाजूनं खेळ उघडत जा. तुझी ती बाजू चांगली आहे."

वामनरावांनी ओंजळीत पाणी घेतले. नियमाप्रमाणे त्यांनी शेवटी बोलायचे होते. पण त्यांनी तसेच ताटाभोवती पाणी फिरवले आणि उठले. ठरले ते ठरले.

निर्मला आणि रमेशभाऊ निघताना दारात जरा रेंगाळले. दर सोमवारी निर्मला वाकून प्रसाद मागून नेई. आज वैजयंतीने पुडी पुढे केली, तिने घेतली, कपाळाला लावली, पण वर पाहिले नाही. मोहित मोठ्या आईच्या पाया पडला आणि पळाल्यासारखा जिना उतरला.

हिमानी बर्फ आणायला आत गेली. वैजयंती मुलाशेजारी चटईवर बसली. माफी मागणे तिला जमले असते, पण त्याने लगेच "नाही गं" म्हटले असते, आणि ते ऐकण्याची तिची तयारी नव्हती. तिने त्याच्या पायाखाली उशी सरकवली. त्याने सरकवू दिली.

"मैदानावर तू कुठं बसतेस गं?" त्याने थोड्या वेळाने विचारले. "इतकी वर्षं मी कधी पाहिलंच नाही."

"टाकीजवळ. कडुनिंबाखाली. तिथून मधला भाग नीट दिसतो."

"रविवारी बाकावर ये. मी असेन तिथं."

"येईन."

आत बर्फाचा साचा ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. निरंजन भिंतीला डोके टेकून बसला होता, डोळे मिटून, आणि ओठ हलत होते. तो रविवारचा सामना मनात लावून बघत होता. लहानपणापासून अंथरुणात पडल्या पडल्या तो असाच बघत असे.

"मोहितनं गोल मारला तर?" तो म्हणाला. "आपल्याला काय करावं लागेल?"

वैजयंतीनेही मिटल्या डोळ्यांनी ते मैदान पाहिले.

"तो गोल मारणार नाही," ती म्हणाली. "तो मधे चेंडू घेईल, डावीकडे एकदा बघेल आणि उजवीकडे देईल. गोल दुसरा कोणी मारेल."

"आणि आपल्या बाजूनं तिथं मधे कोणी नसेल."

"नसेल," ती म्हणाली.